भांडारगृहातील आर्द्रता आणि सोमवारचा आलेख

औषध सिद्ध झाले म्हणजे वैद्याचे कर्तव्य संपले, असे आपले शास्त्र मानत नाही. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह यांचे एका वर्षानंतर क्षीण होते, असे सांगून ठेवले आहे. काळ थोपवणे आपल्या हाती नाही. परंतु त्या काळात औषध कोणत्या हवेत राहते, हे पाहणे निश्चितच आपल्या हाती आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात एका वृद्ध रुग्णेने माझ्याच फार्मसीतील लवणभास्कर चूर्णाची बाटली परत आणून टेबलावर ठेवली. आत चूर्ण नव्हते, दगडासारखा गोळा होता. "वैद्यबुवा, हे फोडून घ्यायचे का?" हा त्यांचा साधा प्रश्न मला फार लागला. भांडारगृहात आर्द्रतामापक होते, दिवसातून तीन वेळा नोंद होत होती, नोंदवहीवर माझ्या स्वाक्षऱ्याही होत्या. नोंदी खऱ्या होत्या, पण त्या कोणी वाचल्या नव्हत्या.

त्या रात्री तीन महिन्यांचे आकडे मी आलेखकागदावर मांडले. दर सोमवारी सकाळी रेषा उंच चढलेली दिसली आणि दुपारपर्यंत ती खाली येत होती. रविवारी नोंदच नव्हती. शनिवारी संध्याकाळी फार्मसी बंद करताना आर्द्रताशोषक यंत्रही बंद केले जात असे, हे चौकशीत उघड झाले. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपुढे हवेतील पाणी ओढून पाझरू लागते, आणि लवणभास्करात तर लवणांचेच प्राधान्य. दिवसाच्या सरासरीत हा दोष पूर्णपणे झाकला जात होता.

यंत्र रविवारी चालू राहू लागले. दर तासाला आपोआप नोंद करणारे मापकही बसवले. आलेख मात्र हातानेच काढावयाचा असल्याने चौथ्या आठवड्यात तो राहून गेला, आणि पुढे राहतच गेला. तेव्हा हे काम संगणकाकडे सोपवण्याचा विचार पुढे आला.

शेल म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याचे माध्यम. लिनक्स प्रणालीत बहुधा बॅश हे शेल असते. ब्रायन फॉक्स यांनी रचलेले हे शेल १९८९ मध्ये प्रथम उपलब्ध झाले. या आज्ञा क्रमाने एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. आपल्या योगपाठासारखीच ही गोष्ट आहे. द्रव्ये, प्रमाण व क्रम एकदा नीट लिहिला की करणारा बदलला तरी कृती बदलत नाही.

आमचे मापक संगणकाला जोडलेले असून दर तासाला एका साध्या फाइलमध्ये दिनांक, वेळ, तापमान व आर्द्रता अशी एक ओळ वाढवते. स्क्रिप्ट प्रथम ऑक या साधनाने मागील सात दिवसांच्या ओळी निवडते. नंतर १९८६ पासून प्रचलित असलेला ग्नूप्लॉट हा विनामूल्य प्रोग्रॅम त्यांचा आलेख काढतो. आम्ही स्वतःसाठी ठरवलेली ६० टक्क्यांची मर्यादा त्यावर आडव्या रेषेने दाखवली जाते. शेवटी एलपीआर ही आज्ञा तो कागद छपाईयंत्राकडे पाठवते. हे सर्व केव्हा करावयाचे ते क्रॉन पाहतो. त्याला मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने भरून द्यावे लागतात. ० ८ * * १ म्हणजे दर सोमवारी सकाळी आठ वाजता. जुना संगणकही या कामाला पुरतो.

अनुभवाने कळलेल्या काही गोष्टी येथे नमूद कराव्याशा वाटतात. दिनांक नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा, म्हणजे ओळींचा क्रम चुकत नाही. क्रॉनला आपल्या नेहमीच्या मांडणीची माहिती नसते. म्हणून प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता द्यावा. हाताने चालवलेली स्क्रिप्ट उत्तम चालते आणि क्रॉनमध्ये मात्र अडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एकदा वीज गेल्याने संगणक रात्रभर बंद राहिला. आलेखात मात्र आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत सरळ, शांत रेषा दिसत होती. दोन बिंदूंमध्ये काहीच नाही हे ग्नूप्लॉटला सांगितलेले नव्हते, म्हणून त्याने ते बिंदू जोडून टाकले. ज्या रविवारने आम्हाला फसवले होते, तोच नव्या रूपात परत आला! आता दोन नोंदींत तासाहून अधिक अंतर पडल्यास स्क्रिप्ट मध्ये एक कोरी ओळ घालते आणि रेषा तेथे तुटते. शिवाय आठवड्याच्या अपेक्षित १६८ नोंदींपैकी किती मिळाल्या, हा आकडा कागदाच्या शीर्षस्थानी छापला जातो. संगणक सोमवारी आठ वाजता बंद असेल, तर चुकलेले काम क्रॉन मागाहून करत नाही. त्यामुळे टेबलावर कागद नसणे हीही आमच्याकडे चौकशीची बाब ठरली आहे.

२००० मध्ये शेड्यूल टी लागू झाल्यापासून नोंदी ठेवणे आपणा सर्वांना बंधनकारक आहे. पण तपासणीसाठी ठेवलेली नोंद आणि औषधासाठी वाचलेली नोंद यांत अंतर आहे. छपाई आपोआप होते, वाचन होत नाही. म्हणून सोमवारचा तो कागद मी स्वतः पाहतो, मर्यादा ओलांडलेली असल्यास कारण त्यावरच लिहितो आणि मगच स्वाक्षरी करतो.

वैद्यबंधु-भगिनींनी व फार्मसीचालकांनी निदान मागील पावसाळ्यातील आपली नोंदवही एकदा आलेखकागदावर मांडून पाहावी, ही नम्र विनंती. संगणक त्यानंतर आणला तरी चालेल.