हिरवळीची भजी!

बालमित्रांनो, चालताना पायाखालून सुगंध येतो, अशी हिरवळ असते बरं का! इंग्लंडमधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत गवताऐवजी थाइम ही बुटकी, पसरणारी वनस्पती लावली आहे.

मग वाशी-नेरूळलाही लावू या? थांबा! थाइमला कोरडी जमीन हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस; साचलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात.

पण तिच्या वासाचा भाऊबंद आपल्याकडे आहे : पानओवा. थायमॉल, कार्व्हाक्रॉल ही वासाची द्रव्यं दोघांतही सापडतात. त्याची जाड पानं पाणी साठवतात, म्हणून त्याला पाणी कमी पुरतं. वाशी-नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं. ते भर मे महिन्यात गवतावर कशाला ओतायचं?

करून पाहा. बोटभर फांदी तोडा, खालची पानं काढा, वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. दोन-तीन आठवड्यांत ती मूळ धरते. फांद्या ठिसूळ असतात, त्यामुळे त्यावर खेळू मात्र नका. वाटेच्या कडेला लावा, येता-जाता हात फिरवा.

आणि आईबाबांना सांगून पानांची भजी करा. गवताची होतात का कधी?