इंजिनाशिवाय वळणारा पुण्याचा ‘स्वयम्’

मी गोरेगावचा. मुंबईचं नाही हं, आपलं गोंदिया जिल्ह्यातलं! आजचा प्रश्न: यंत्र एकदम छोटं केलं, तर ते स्वतःचं स्वतः वळणार कसं?

उदाहरण घरचंच घेऊ. २२ जून २०१६ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ ने २० उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ होता. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन एक किलोच्या आत.

रॉकेटपासून सुटला की असा उपग्रह गरगर फिरतो. तो स्थिर झाला नाही, तर अँटेना भलतीकडेच तोंड करणार आणि जमिनीशी संपर्क राहणार नाही. वर जाऊन दुरुस्ती करणार कोण?

मग मोटार बसवा की! पण वीज कुठून आणायची? त्या ठोकळ्याच्या एका बाजूवर सरळ ऊन पडलं तर साधारण १३ वॉट. चांगला सोलर सेल त्यातले जेमतेम ४ वॉट देतो. तुमच्या फोनचा चार्जरही याहून जास्त देतो. शिवाय लांबी १० पट कमी केली, की आतली जागा १००० पट कमी होते. टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या ठेवायच्या कुठे?

म्हणून ‘स्वयम्’मध्ये कायमचं चुंबक बसवलं. पृथ्वीच्या ज्या चुंबकीय क्षेत्रावर तुमच्या फोनमधलं कंपास चालतं, त्याच्याच दिशेने हे चुंबक उपग्रहाला वळवतं. पण नुसतं चुंबक झोके खात राहील. त्यासाठी खास धातूच्या पट्ट्या लावल्या. झोक्यागणिक त्यांचं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि डुलणं कमी होत जातं. ना वीज, ना इंधन, ना कोडची एक ओळ! मी सॉफ्टवेअरवाला, मला हे फार आवडतं.

याची किंमतही आहे. चुंबकीय क्षेत्र सांगेल तीच दिशा, आपल्या मर्जीची नाही. आणि कक्षा तर अजिबात बदलता येत नाही. समोरून कचरा आला तरी बाजूला होता येत नाही.

त्यावर एक उपाय म्हणजे सौर शीड. १० चौरस मीटरच्या आरशासारख्या शिडावर उन्हाचा दाब किती? तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढाही नाही. आपण भाताच्या पट्ट्यातले, अंदाज येईलच! पण हा दाब ऊन आहे तोवर थांबत नाही, आणि महिनोन्‌महिने साठला की वेग बदलतो.

म्हणून छोटं यंत्र बनवायला बसलात, तर आधी विचारा: तिथे फुकट काय मिळतंय? इंजिनाचं नंतर बघू.