चूल थंड असताना हसायचे?

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतील गिरण्या संपामुळे थांबल्या. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. कित्येकांच्या घरी पगार पुन्हा आलाच नाही. त्या दिवसांत आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागे आणि तो विनोदी असला की माणसे दाराबाहेर गॅलरीपर्यंत बसत. 'घरात दाणा नाही, अन् दात कसले काढता?' म्हणून एक आजोबा चिडत. त्यांचा प्रश्न रास्त होता.

विनोदी चित्रपटाने पीठ मिळत नाही की वाण्याची उधारी फिटत नाही. पण उधारी झालेला माणूस शेजाऱ्याची नजर चुकवू लागतो, घरात गप्प बसतो, चिडतो, कधी दारूकडे वळतो. चारचौघांत बसून तो पोटभर हसला की आपण एकटेच बुडालेलो नाही, हे त्याला न सांगता कळते.

चार्ली चॅप्लिनला हे ठाऊक होते. निराधार गोरगरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या लंडनच्या एका संस्थेत तो सातव्या वर्षी आईबरोबर गेला होता. 'द गोल्ड रश' (१९२५) मध्ये भुकेला चार्ली बूट शिजवतो, त्याची नाडी शेवयांसारखी गुंडाळून खातो, खिळे हाडांसारखे चोखतो. अमेरिकेत बेकारी माजली असताना आलेल्या 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये कारखान्याचा मालक जेवणाची सुट्टी वाचवण्यासाठी कामगाराला घास भरवणारे यंत्र आजमावून पाहतो. यंत्र बिघडते आणि चार्लीचे तोंडच बडवू लागते. पाळीत घाईघाईने डबा संपवलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आला. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) वरून तो बेतलेला. डोक्यावर छप्पर हवे म्हणून दोन तरुण साड्या नेसून बायका होतात! त्यात अडचण एवढीच, की घर जोडप्यांनाच मिळणार. आमच्या मुलांना मात्र आधी आडनाव विचारतात. खोलीसाठी आडनाव लपवून राहिलेले तरुण हा चित्रपट पाहून सर्वांत जोरात हसतात, हे आम्ही पाहिले आहे. त्या हसण्यात बराच राग असतो.

सगळाच विनोद असा नसतो, हेही खरे. काळा रंग, जाड बाई, तोतरा नोकर यांच्यावर हशा वसूल करणारे चित्रपट पुष्कळ आहेत. घरातले पोर अशा जागी हसले, तर त्याला दटावू नका. तू कुणाला हसलास, एवढे विचारा.

'मॉडर्न टाइम्स' दीड तासाच्या आत संपतो. त्यात बोलणे जवळजवळ नाहीच, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो कळतो. समाजमंदिरात पांढरी चादर बांधून तो एखाद्या रविवारी सहज दाखवता येईल. बेकार मुलांनाही आवर्जून बोलवा. ती स्वतःहून यायची नाहीत.