रक्ताचा कर्करोग : उंदरांनी दिलेली साक्ष

घरात कुणाला ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग झाला, की काळजी लागते : मुलाबाळांनाही होईल का?

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. पुढे कळले की, दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन तिथे एक जोडजनुक तयार होते. रोगाचे मूळ तेच का? १९९० मध्ये जॉर्ज डेली व सहकाऱ्यांनी ते जनुक उंदरांच्या अस्थिमज्जेच्या पेशींत घातले. उंदरांना तसाच आजार झाला. त्या जनुकाचे प्रथिन रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळीला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली.

हा बिघाड जन्मानंतर रक्तपेशीत होतो, वारशाने येत नाही. म्हणून रुग्णाच्या मुलांच्या सोयरिकी अडवू नका. आणि बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.