शासकीय प्रकाशने आणि सार्वजनिक ग्रंथालये (भारत)

शासनाने किंवा शासनाच्या अधिकाराने प्रसिद्ध केलेले अहवाल, राजपत्रे, जनगणनेची पुस्तके, गॅझेटियर, नकाशे व विधिमंडळातील चर्चांचे वृत्तान्त यांना शासकीय प्रकाशने म्हणतात. ती जतन करणे व सर्वसामान्य वाचकाला उपलब्ध करून देणे हे सार्वजनिक ग्रंथालयांचे एक महत्त्वाचे कार्य आहे. भारतात याबाबत दोन कायदे विशेष महत्त्वाचे ठरतात. १९५४ चा पुस्तके प्रदान अधिनियम प्रकाशनाची प्रत ग्रंथालयात पोहोचवण्याशी संबंधित आहे, तर २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम कार्यालयातील माहिती नागरिकाला मिळण्याशी.

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले. त्यांवरून प्रांतवार त्रैमासिक सूची प्रसिद्ध होत असत. नोंद आणि देखरेख हा या व्यवस्थेचा मुख्य हेतू होता. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवणे हा नव्हता. १९०३ मध्ये कलकत्त्याची इंपीरियल लायब्ररी जनतेसाठी खुली झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने तिचे नामांतर राष्ट्रीय ग्रंथालय असे करण्यात आले.

पुस्तके प्रदान अधिनियम, १९५४

या अधिनियमानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते. अन्य तीन ग्रंथालयांनाही प्रत्येकी एक प्रत द्यावी लागते. चेन्नईचे कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही ती तीन ग्रंथालये होत. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांचाही समावेश झाला. शासकीय प्रकाशनांनाही हा अधिनियम लागू आहे. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी असलेली पुस्तके मात्र त्यातून वगळली आहेत.

माहितीचा अधिकार आणि ग्रंथालय

माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी ठरावीक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते. माहिती मिळवण्यासाठी नागरिकांना कोणत्या सुविधा आहेत, हे सांगताना लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असल्यास त्याची वेळही द्यावी, असे कायद्यातच नमूद आहे.

तथापि माहिती मागण्याचा हक्क आणि माहिती टिकवण्याची व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत. अर्जाला उत्तर म्हणून जन माहिती अधिकारी दप्तरी असलेलेच देऊ शकतो. जतनाची मुदत संपून कागद नियमानुसार नष्ट झाला असेल, तर हक्क शाबूत असूनही हाती काही येत नाही. ग्रंथालयातील छापील प्रत त्या कार्यालयाच्या दप्तरावर अवलंबून नसते. शिवाय एकाच विषयाचे अनेक वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. नेमके काय मागावे हे ठाऊक नसलेल्या वाचकाला ही सोय विशेष उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय फोर्ट भागातील टाउन हॉलच्या वास्तूत आहे. एशियाटिक सोसायटीही याच वास्तूत आहे. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुने शासकीय अहवाल व जनगणनेची पुस्तके यांच्या संग्रहासाठी अभ्यासकांना परिचित आहे. भारत सेवक समाजाच्या ग्रंथसंग्रहातून ते वाढले असून संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचे ते निक्षेप ग्रंथालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदान मिळते.

मर्यादा

प्रत पाठवण्याचे कायदेशीर बंधन केवळ चार ग्रंथालयांपुरते असून ती चारही महानगरांत आहेत. त्यामुळे आपल्याच जिल्ह्याची जुनी जनगणना पुस्तिका पाहण्यासाठी तालुक्याच्या वाचकाला दूरचा प्रवास करावा लागू शकतो. मूळ तरतुदीनुसार प्रत न पाठवल्यास ५० रुपयांपर्यंत दंड व पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम एवढीच शिक्षा आहे.

१९५४ च्या अधिनियमातील पुस्तकाची व्याख्या मुद्रित साहित्यापुरती आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राजपत्राची छपाई थांबवून ते संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. अशा प्रकाशनामुळे घरबसल्या वाचन शक्य होते. परंतु मजकूर केवळ प्रकाशित करणाऱ्या खात्याच्याच ताब्यात राहिला, तर संकेतस्थळ बदलताच तो दिसेनासा होण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना

अमेरिकेत १८१३ पासून शासकीय कागदपत्रे ग्रंथालयांना देण्याची प्रथा आहे. आज एक हजाराहून अधिक निक्षेप ग्रंथालये ती जनतेला विनाशुल्क उपलब्ध करून देतात. २००४ मध्ये तेथील न्याय विभागाच्या सांगण्यावरून मालमत्ता जप्तीविषयीची पाच प्रकाशने नष्ट करण्याची सूचना या ग्रंथालयांना देण्यात आली होती. ग्रंथपालांच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर ती मागे घेण्यात आली. शासकीय प्रकाशनाच्या प्रती शासनाबाहेर, अनेक ठिकाणी असण्याचे महत्त्व या घटनेने अधोरेखित झाले.

हेही पहा

माहितीचा अधिकार
राष्ट्रीय ग्रंथालय, कोलकाता
महाराष्ट्र शासन राजपत्र