'वरीलप्रमाणे' लिहिणारा कॅमेरा

वाण्याची खात्याची वही आठवते? पहिल्या ओळीत 'दूध, एक लिटर' असं ठसठशीत लिहिलेलं आणि खाली नुसत्या दोन बारीक रेघा. म्हणजे 'वरीलप्रमाणे'. तुमच्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या कार्डावर अशीच वही लिहिली जाते, तीही सेकंदाला 25 ओळींच्या वेगानं!

समजा, आजी ओसरीवर तांदूळ पाखडतेय आणि तुम्ही शूट करताय. 1920 बाय 1080 च्या एका फ्रेममध्ये 20 लाखांहून जास्त ठिपके असतात. प्रत्येकाचा रंग सरळ लिहून काढला, तर एका फ्रेमला सहा एमबी लागतात आणि तासाभराला साडेपाचशे जीबीहून जास्त. पण 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनं आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत, सेकंदाला 24 मेगाबिट धरले, तरी तोच तास 11 जीबीत मावतो. बाकीचं गेलं कुठं?

थोडं आपल्या डोळ्यांनीच सोडून दिलं. उजेड-सावली आपल्याला बारकाईनं दिसते, रंग मात्र ढोबळ. म्हणून चार ठिपक्यांत मिळून एकच रंग! उरलेली करामत वहीची. भिंत हलत नाही, खांब हलत नाही. ते पुन्हा कशाला लिहायचं? कॅमेरा एक फ्रेम पूर्ण लिहितो. पुढच्या फ्रेमचे छोटे चौकोन पाडतो आणि नोंद करतो: 'हा चौकोन मागचाच, फक्त तीन ठिपके उजवीकडे.' एवढ्यात आजीचा हात सरकलासुद्धा! हवेत उडालेल्या तांदळापाशी मात्र त्याची दमछाक होते, कारण प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला जातो. तिथं चित्र जरा पुसट दिसतं ते यामुळेच.

आणि खरी कमाल पुढे आहे. काही फ्रेम्स म्हणतात, 'खालीलप्रमाणे'. म्हणजे अजून पडद्यावर न आलेल्या फ्रेमचा हवाला! त्यासाठी फाइलमध्ये नंतरची फ्रेम आधी लिहिलेली असते आणि दाखवताना क्रम पुन्हा सरळ होतो.

आता एडिटिंगला बसा. तुम्हाला मधलीच एक फ्रेम कापायचीय. पण तिथं तर नुसत्या रेघा! कॉम्प्युटर मागं पळतो, पूर्ण फ्रेम शोधतो, तिथून एकेक हिशेब मांडत येतो. टाइमलाइन अडखळते ती इथं. म्हणून अ‍ॅपलच्या प्रोरेससारख्या पद्धतीत रूपांतर करतात. तिथं 'वरीलप्रमाणे' हा प्रकारच नाही, प्रत्येक ओळ पूर्ण. कात्री कुठंही चालवा. मात्र प्रोरेस 422 मध्ये आपला 11 जीबीचा तास 55 जीबीचा होतो.

पाचपट मोठी फाइल. मग तिच्यात माहिती किती वाढली? कणभरही नाही! उलट उतारा करताना थोडं गाळलंच जातं. तरी कित्येकजण मोठी फाइल 'खरी' समजून जपतात आणि कार्ड पुसून टाकतात. माझा जीव तुटतो तो इथं. मूळ वहीवरून उतारा हवा तेव्हा काढता येतो. उताऱ्यावरून ती वही परत मिळत नाही.

आणि मूळ फाइल किती भरवशाची, ते पाहा. एव्हीसीएचडीच्या पोटात असतं 2003 चं एच.264 हे मानक. कॅमेऱ्यानं वही कशी भरावी, हे ते सांगत नाही. वाचायची कशी, हे मात्र काटेकोर ठरवतं. त्याआधीच्या पद्धतींत दोन यंत्रांच्या उत्तरांत किंचित फरक चालायचा. इथं गणित पूर्णांकांत बांधलेलं आहे. त्यामुळे नियम पाळणारं कुठलंही यंत्र, आजचं असो वा वीस वर्षांनंतरचं, आजीच्या सुपाचा प्रत्येक ठिपका हुबेहूब तसाच उभा करणार!

मात्र नुसत्या क्लिप्स उचलू नका. लांब शूटिंगचे कॅमेरा तुकडे करतो आणि ते कसे जोडायचे, याची नोंद शेजारच्या फोल्डरांत ठेवतो. म्हणून कार्ड जसंच्या तसं, अख्खं उतरवायचं. प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर, कारण '00000' या नावाची क्लिप पुढच्या कार्डावरही भेटू शकते.

कॉपी बिनचूक झाली, हे कसं कळणार? अकरा जीबी म्हणजे जवळजवळ 88 अब्ज बिट. त्यातला एक बिघडला, तरी ती चूक 'वरीलप्रमाणे' म्हणत पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंत वाहत जाऊ शकते. यावर उपाय आहे चेकसम. एमडी5 नावाचं गणित एवढ्या मोठ्या फाइलचा फक्त 32 अक्षरांचा ठसा काढतं, आणि एक बिट बदलला की सगळा ठसाच ओळखू येईनासा होतो! कार्डावरच्या फाइलचा ठसा काढा, मग एका हार्ड डिस्कवरच्या प्रतीचा, मग दुसऱ्या घरी ठेवायच्या डिस्कवरच्या प्रतीचा. तिन्ही ओळी अक्षरन् अक्षर जुळल्या, की मग कार्ड खुशाल फॉरमॅट करा.