थायरॉइडची गोळी आणि सकाळचा चहा
भुईगावच्या ताईंनो, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराचा वेग सांभाळते. तिचं हार्मोन कमी पडलं की थकवा येतो, वजन वाढतं, पाळी बिघडते. तो आळस नव्हे! डॉक्टरांना विचारून 'टीएसएच' ही रक्ततपासणी करून घ्या.

लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे तेच कमी पडलेलं हार्मोन. ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्या. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची, कॅल्शियमची गोळी 4 तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर होते.